पहिली हाफ मॅरेथॉन आणि सोबत घरचे : मुंबईच्या शर्यतीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर लागला की आमच्या डोंबिवलीच्या धावगटात नव्याने आलेल्या मंडळींचे प्रश्न धावण्यापेक्षा घरच्यांविषयीच अधिक असतात. कोणाला पत्नीला पहाटे कुठे उभे राहायला सांगावे हे सुचत नाही, कोणाची आई "मी येणारच" म्हणून हटून बसलेली असते, तर कोणाच्या घरी "एवढ्या पहाटे आम्ही तिथे येऊन करायचे काय?" असा रोकडा सवाल झालेला असतो. पुढील उत्तरे जानेवारीतील टाटा मुंबई मॅरेथॉनमधली अर्धमॅरेथॉन, म्हणजे सगळे जिला 'हाफ' म्हणतात ती, डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. मार्ग आणि वेळा यांत अधूनमधून बदल होत असल्यामुळे त्या त्या वर्षी आयोजकांनी दिलेला नकाशाच प्रमाण मानावा.

हाफ म्हणजे नेमके किती अंतर, आणि पहिल्यांदा धावणाऱ्याला ते किती वेळात जमते?

पूर्ण मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर असते आणि हाफ त्याच्या निम्मी, म्हणजे २१.०९७५ किलोमीटर असते. किलोमीटरला सात मिनिटे या गतीने हे अंतर सुमारे २ तास २८ मिनिटांत आणि आठ मिनिटे या गतीने सुमारे २ तास ४९ मिनिटांत पूर्ण होते. पहिल्यांदा धावणारे बरेचसे लोक याच दोन आकड्यांच्या आसपास असतात. हा आकडा घरच्यांना आधीच सांगून ठेवावा. जगातील अव्वल धावपटू हे अंतर तासाभराच्या आत पार करतात आणि टीव्हीवर तेच पाहिलेले असते, त्यामुळे दोन तास उलटूनही माणूस दिसला नाही की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. माझ्या पहिल्या शर्यतीच्या वेळी घरी थांबलेल्या मावशीने साडेसहा वाजताच तीन ठिकाणी फोन केले होते.

घरच्यांना न्यावेच का? एकट्याने जाणे सोपे नाही का?

एकट्याने जाणे निश्चितच सोपे असते. पहाटेची गाडी पकडायची, पिशवी सामानकक्षात द्यायची, धावायचे आणि परत यायचे, यात कोणाची वाट पाहावी लागत नाही आणि कोणाला वाट पाहायला लावावी लागत नाही. तरीही पहिल्या हाफला घरचे कोणी तरी असावे असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण भावनेपेक्षा सोयीचे अधिक आहे. सरावातला सर्वांत लांबचा पल्ला बहुधा १६ ते १८ किलोमीटरांचा असतो, म्हणजे शेवटचे तीन ते पाच किलोमीटर शरीराला अगदीच अनोळखी असतात. त्या टप्प्याच्या थोडे आधी ओळखीचा चेहरा दिसणार आहे हे ठाऊक असेल, तर डोक्यात एकवीस किलोमीटरांऐवजी त्या चेहऱ्यापर्यंतचेच अंतर राहते.

मात्र घरच्यांना नेण्यासाठी तयारी लागते. ज्या काळजीने तुम्ही सरावाचा तक्ता लिहिता, त्याच काळजीने त्यांच्या सकाळचाही तक्ता लिहावा लागतो. "या तुम्ही, तिकडे कुठेतरी भेटू" असे म्हणून नेलेल्या माणसांना त्या दिवशी बंद रस्ते, पोलिसांचे अडथळे आणि एकसारखे कपडे घातलेली हजारो माणसे यांखेरीज काही दिसत नाही, आणि पुढच्या वर्षी ती येत नाहीत.

शर्यत कधी असते, आणि मार्ग साधारण कसा आहे?

ही शर्यत २००४ मध्ये सुरू झाली आणि २०२१ व २०२२ मधील साथीचा खंड सोडला, तर जानेवारीच्या तिसऱ्या रविवारच्या सुमारास होत आली आहे. अलीकडच्या वर्षांत हाफची सुरुवात माहीमच्या रेतीबंदर परिसरातून पहाटे पाचच्या सुमारास होते. तिथून वांद्रे-वरळी सागरी सेतू, वरळीचा समुद्रकिनारा, हाजी अली, पेडर रोडचा चढ, केम्प्स कॉर्नर, गिरगाव चौपाटी, मरीन ड्राइव्ह आणि शेवटी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा परिसर असा हा प्रवास आहे. ज्यांनी मुंबई फक्त लोकलच्या दारातून पाहिली आहे, त्यांनी एकदा तरी पहाटेच्या अंधारात सेतूवरून धावावे. वाऱ्याचा आवाज आणि हजारो बुटांचा आवाज यांपलीकडे तिथे काही नसते.

घरच्यांनी उभे राहायला सर्वांत चांगली जागा कोणती?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असल्यामुळे त्याचे उत्तर सविस्तर देतो.

माहीमला सुरुवातीच्या ठिकाणी येण्यात काही अर्थ नाही. धावपटूंना आत सोडतात, बाकीच्यांना बाहेर थांबवतात, आणि अंधारात एवढ्या गर्दीत हात हलवलेलाही कळत नाही. सेतूवर प्रेक्षकांना प्रवेश नसतो. वरळीला तुम्ही ताजेतवाने असता, तिथे कोणाची गरज नसते. उरतात तीन जागा : हाजी अली, पेडर रोड आणि मरीन ड्राइव्ह.

पेडर रोडचा, म्हणजे डॉ. गोपाळराव देशमुख मार्गाचा, चढ साधारण दोन तृतीयांश अंतर संपल्यावर येतो. मोटारीतून जाताना जाणवतही नाही असा हा चढ त्या वेळी घाट वाटू लागतो. पण मुंबईची शर्यत जिच्यामुळे मुंबईची वाटते, ती माणसेही याच रस्त्यावर भेटतात. इमारतींतले रहिवासी पहाटेपासून खाली उतरून संत्र्याच्या फोडी, केळी, बिस्किटे, मीठ आणि चिक्की हातात घेऊन उभे असतात, कोणी थाळ्या वाजवतात, कोणी ढोल आणतात. अशा ठिकाणी तुमचे घरचे त्या कोलाहलात हरवून जातात, आणि खरे सांगायचे तर तिथे त्यांची गरजही कमी असते, कारण अख्खा रस्ताच तुमचा नातेवाईक झालेला असतो.

म्हणून माझा सल्ला मरीन ड्राइव्हचा आहे. तिथे शेवटचे चार-पाच किलोमीटर उरलेले असतात, रस्ता सपाट असतो, पुढचे सगळे वळण एकदम दिसते आणि ते अजिबात जवळ येत नाही. चौपाटीनंतर गर्दी विरळ होते, सूर्य वर येऊ लागतो आणि पाय जड होतात. माणूस सर्वांत एकटा पडतो तो इथे. शिवाय चर्नी रोड, मरीन लाइन्स आणि चर्चगेट ही तिन्ही स्थानके इथून चालत जाण्याजोगी आहेत, त्यामुळे घरच्यांना टॅक्सी शोधत फिरावे लागत नाही.

दोन ठिकाणी भेटता येईल का?

येते, पण लोकलच्या जोरावरच. महालक्ष्मी स्थानकावरून हाजी अलीला चालत जाऊन तिथे एकदा भेटायचे, परत महालक्ष्मीला येऊन गाडीने मरीन लाइन्स गाठायचे आणि पुन्हा एकदा भेटायचे, असे तरुण, चपळ आणि मुंबईत वाढलेल्या माणसांना जमते. सोबत लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर हा उद्योग करू नये. मोटारीने तर मुळीच करू नये, कारण मार्गावरचे आणि त्याला मिळणारे रस्ते बंद असतात. एकच भेट ठरवावी आणि ती चुकू देऊ नये, असे मी हल्ली सर्वांना सांगतो.

घरच्यांनी तिथे किती वाजता पोहोचावे? हे गणित कसे करायचे?

शर्यत पाचला सुटली तरी तुम्ही पाचला सुटत नाही. धावपटूंना गटागटाने सोडतात, आणि मागच्या गटात असाल तर सुरुवातीच्या रेषेपर्यंत पोहोचायलाच दहा-पंधरा मिनिटे जातात. समजा, तुम्ही ५:१५ वाजता रेषा ओलांडली आणि किलोमीटरला साडेसात मिनिटे अशी तुमची गती आहे. तर १४ किलोमीटरांना १०५ मिनिटे लागतील, म्हणजे पेडर रोडच्या आसपास सात वाजतील, १८ किलोमीटरांना साडेसात होतील, आणि शेवट ७:५३ च्या सुमारास येईल. घरच्यांना ही वेळ कागदावर लिहून द्यावी, आणि तिच्या आधी वीस मिनिटे व नंतर तीस मिनिटे जागा सोडायची नाही असे सांगावे. नंतरचा अवकाश मुद्दाम मोठा ठेवला आहे. पहिल्या शर्यतीत ठरवल्यापेक्षा लवकर पोहोचणारे थोडे आणि उशिरा पोहोचणारे पुष्कळ असतात.

जानेवारीच्या मध्यावर मुंबईत सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होतो. याचा अर्थ तुमच्या शर्यतीचा मोठा भाग अंधारात किंवा अंधुक उजेडात होतो, आणि हाजी अली वा पेडर रोडला थांबणाऱ्यांना तुम्हाला रस्त्यावरच्या दिव्यांच्या उजेडातच ओळखावे लागते.

एवढ्या गर्दीत एकमेकांना ओळखायचे कसे?

येथे माझी स्वतःची फजिती सांगणे भाग आहे. पहिल्या हाफला पत्नी आणि मुलगी पेडर रोडवर एका दुकानाच्या बंद शटरसमोर उभ्या होत्या. मुलीने पुठ्ठ्यावर "बाबा पळा" असे लाल स्केचपेनने लिहिले होते. त्या डाव्या पदपथावर होत्या आणि मी उजवीकडून, दुभाजकाला धरून धावत होतो, कारण तिकडे गर्दी कमी होती. शिवाय धावगटाने दिलेला निळा टी-शर्ट घातलेले आम्ही चाळीस जण होतो आणि प्रत्येक निळ्या टी-शर्टकडे पाहून ती दोघी हाका मारीत होत्या. मी गेल्यावरही त्या अर्धा तास तिथेच थांबल्या. नंतर पत्नीने मोबाइलवर काढलेले फोटो पाहिले, तर एका फोटोत पुठ्ठा धरलेल्या मुलीच्या पाठीमागे, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला, मान खाली घालून चाललेला मीच होतो.

तेव्हापासून तीन गोष्टी आधी ठरतात. पहिली, बाजू : मरीन ड्राइव्हवर "समुद्राकडची" किंवा "इमारतींकडची" असे स्पष्ट शब्द वापरावेत, डावी-उजवी म्हणू नये, कारण समोरासमोर असलेल्या दोन माणसांची डावी-उजवी वेगळी असते. दुसरी, खूण : धावणाऱ्याने भडक रंगाची टोपी घालावी आणि घरच्यांनी उंच काठीला काही बांधावे. आमच्याकडे पिवळी ओढणी बांधलेली छत्री असते, ती शंभर पावलांवरून दिसते. पुठ्ठ्यावरची अक्षरे तेवढ्या अंतरावरून वाचता येत नाहीत, पण मुलांना ती करू द्यावीत. तिसरी गोष्ट अशी की शोधण्याची जबाबदारी धावणाऱ्याची. घरचे जागेवर स्थिर राहतील, आणि तुम्ही त्या टप्प्यावर रस्त्याच्या त्या कडेला याल.

आणखी एक उपयोगी खूण म्हणजे पेसर. ठरावीक वेळेत शर्यत पूर्ण करून देणारे हे अनुभवी धावपटू पाठीवर किंवा हातात वेळ लिहिलेला झेंडा घेऊन धावतात, आणि त्यांच्यामागून चालणाऱ्या घोळक्याला सगळे 'बस' म्हणतात. तुम्ही कोणत्या बसच्या पुढे-मागे असाल हे घरच्यांना सांगितले, तर तो झेंडा दिसताच ते सावध होतात.

ॲपवर माणूस कुठे आहे हे दिसते ना?

दिसते, पण त्यावर पूर्ण विसंबू नये. बिबला, म्हणजे छातीवर लावायच्या क्रमांकाच्या पट्टीला, लावलेली चिप मार्गात अंथरलेल्या चटयांवरून जाताना वेळ नोंदवते, आणि दोन चटयांमध्ये ॲपवर सरकणारा ठिपका हा गतीवरून बांधलेला अंदाज असतो. तुम्ही पाणी प्यायला थांबलात किंवा चालू लागलात, तरी ठिपका आपला पुढे धावतच राहतो. त्यात एका जागी हजारो मोबाइल आले की नेटवर्कही दगा देते. कागदावर लिहिलेली वेळ बॅटरीवर चालत नाही.

घरच्यांनी सोबत काय आणावे, आणि धावताना हातात काय द्यावे?

धावताना द्यायच्या वस्तू अगदी मोजक्या असाव्यात. आयोजकांची पाण्याची ठिकाणे वाटेत पुरेशी असतात, म्हणून घरच्यांनी लिटरची बाटली घेऊन ताटकळण्याची आवश्यकता नाही. दोन-अडीच तासांच्या श्रमांत साधारणपणे तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत असे सांगितले जाते. मध्यम आकाराच्या एका केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात, यावरून अंदाज येईल. सोललेले अर्धे केळे, मिठात घोळवलेल्या संत्र्याच्या दोन फोडी किंवा बी काढलेले दोन खजूर, एवढे पुरते. केळे सोलूनच द्यावे. घामाने ओले झालेले, थरथरणारे हात ते सोलू शकत नाहीत. जे सरावात कधी खाल्ले नाही, ते शर्यतीत कोणी प्रेमाने दिले तरी खाऊ नये, मग ते आईच्या हातचे असले तरी.

साध्या पाण्याचाही अतिरेक नको. घामावाटे मीठ जात असताना केवळ पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम घटून मळमळ आणि डोकेदुखीपासून शुद्ध हरपण्यापर्यंत त्रास होऊ शकतो. ओआरएस आणायचे असेल तर पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात ते घरूनच कालवून आणावे. रस्त्यावर अंदाजाने केलेले पाणी कधी खारट, कधी मिळमिळीत होते.

शर्यतीनंतरच्या पिशवीत कोरडा टी-शर्ट, पंचा, एखादा शहाळ्याचा किंवा ताकाचा डबा, सुटे पैसे आणि जुन्या रबरी चपला असाव्यात. चपलांवर मी जोर देतो. एकवीस किलोमीटरांनंतर बूट काढून सुजलेले पाय मोकळे करण्यात जे सुख आहे, त्यापुढे पदकही फिके. माझ्या आईने पहिल्या वर्षी कोणी न सांगता त्या आणल्या होत्या, वर्तमानपत्रात गुंडाळून.

घरच्यांनी काय बोलून धीर द्यावा?

नावाने हाक मारावी, बाकी फारसे बोलू नये. "आता थोडेच राहिले" हे वाक्य चौदाव्या किलोमीटरला ऐकले की राग येतो, कारण अजून सात उरलेले असतात आणि ते धावणाऱ्याला नीट ठाऊक असते. नेमका आकडा सांगता येत असेल तर सांगावा. "फार दमलेला दिसतोस" असे चुकूनही म्हणू नये. "आधीचे सगळे पुढे गेले" हे तर नाहीच नाही. आमच्या एका सहकाऱ्याला सासऱ्यांनी हे भर मरीन ड्राइव्हवर सांगितले होते. मुलांनी टाळी देण्यासाठी हात पुढे केला तर धावणाऱ्याने ती टाळी जरूर द्यावी, दोन सेकंद जातात ते जाऊ द्यावेत.

मुलांना किंवा जोडीदाराला शेवटी थोडेसे सोबत धावता येईल का?

नाही. बिब नसलेल्या व्यक्तीने मार्गावर उतरू नये, आणि दुसऱ्याचे बिब लावून तर कधीच धावू नये. काही बरेवाईट झाले तर वैद्यकीय पथकाकडे भलत्याच माणसाची माहिती असते.

त्याच दिवशी घरच्यांनी ड्रीम रनमध्ये भाग घेतला तर?

सुमारे सहा किलोमीटरांची ड्रीम रन आणि ज्येष्ठ नागरिकांची त्याहून लहान दौड हे दोन्ही प्रकार सकाळी उशिरा, टर्मिनसच्या परिसरातून सुटतात, त्यामुळे कल्पना आकर्षक वाटते. परंतु जो स्वतः भाग घेतो, त्याला आपल्या दौडीच्या प्रवेशाची वेळ गाठायची असते, आणि तुम्ही उशिरा आलात तर तो मरीन ड्राइव्हवर थांबू शकत नाही. एकाच घरातून दोघे-तिघे धावणार असतील तर किमान एका माणसाने कशातही नाव न घालता पिशव्या सांभाळाव्यात, असे मी सुचवीन.

आई-वडील सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांना आणावे का?

त्यांची इच्छा असेल तर आणावे, पण साडेतीनला उठवून आणू नये. तुम्ही एकटे पहाटे निघा, आणि ते कोणाच्या तरी सोबतीने साडेपाच-सहाच्या गाडीने थेट चर्चगेट किंवा मरीन लाइन्सला येऊ देत. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसायला जागा मिळते, ही त्या जागेची आणखी एक सोय आहे. पहाटे समुद्राचा वारा बोचतो, शाल आणि कानटोपी असू द्यावी. तीच मंडळी दोन तासांनी ऊन लागते म्हणून सावली शोधतात. स्वच्छतागृह कुठे आहे हे आधी पाहून ठेवावे. पुरुष मंडळी हा मुद्दा विसरतात आणि मग आईला चर्चगेट स्थानकापर्यंत चालत जावे लागते.

सरावाच्या महिन्यांत घरच्यांना कसे सोबत घ्यावे?

हा प्रश्न फार थोडे विचारतात, म्हणून तो मीच इथे घातला आहे. नियमित पाच-सात किलोमीटर धावणाऱ्याला हाफच्या तयारीसाठी बारा ते सोळा आठवडे लागतात, आणि लांब पल्ल्याचे धावणे बहुधा रविवारी पहाटे असते. म्हणजे चार महिने घरातला एक माणूस शनिवारी रात्री साडेनऊला झोपतो, रविवारी नऊ वाजता दमून परत येतो, आणि दुपारी जेवून पुन्हा आडवा होतो. या काळात दूध, भाजी, मुलांचा अभ्यास आणि पाहुणे हे सगळे दुसऱ्या कोणावर तरी पडलेले असते. शर्यतीच्या दिवशी रस्त्याच्या कडेला उभे राहून केलेली मदत सर्वांना दिसते. हे सोळा रविवार फोटोत येत नाहीत. निदान मधल्या एका-दोन लांब धावांना घरच्यांनाही सायकलवर किंवा चालत बरोबर न्यावे, हातात काय हवे, काय नको याची रंगीत तालीम तिथेच होते.

शर्यतीचा आठवडा आणि संक्रांत एकत्र येतात. खाण्याचे काय करावे?

संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला असते, त्यामुळे शर्यत नेमकी हळदीकुंकवाच्या गडबडीत येते. घरी बायकांची ये-जा, फराळ, वाण, आणि त्यात तुम्ही दोन दिवस आधी "मला तेलकट नको" म्हणून बसलेले. शक्य असल्यास हळदीकुंकू पुढच्या आठवड्यात घ्यावे. रथसप्तमीपर्यंत अवकाश असतोच. तिळगुळाचे एक-दोन लाडू खाण्याने काही बिघडत नाही, पण आदल्या दिवशी तिळाचे आणि शेंगदाण्याचे स्निग्ध पदार्थ बेताने खावेत, कारण ते पचायला वेळ घेतात. आदल्या रात्रीचे जेवण नेहमीचेच असावे : भात, साधे वरण, एखादी भाजी. भरपूर पिष्टमय खावे असे कुठेतरी वाचून कोणी रात्री दहाला ताटभर पास्ता खातो, त्याची शर्यत बहुधा फिरत्या शौचालयाच्या रांगेत सुरू होते.

बिब आधीच घ्यावे लागते का?

होय. शर्यतीच्या आधीच्या दिवसांत भरणाऱ्या एक्स्पोत ओळखपत्र दाखवून ते घ्यावे लागते, शर्यतीच्या दिवशी मिळत नाही. एक्स्पोला घरच्यांना नेल्यास त्यांना नकाशा प्रत्यक्ष पाहायला मिळतो. मात्र शनिवारी दिवसभर तिथे पायपीट करू नये.

पहाटे माहीमला पोहोचायचे कसे?

शर्यतीच्या दिवशी मध्य आणि पश्चिम रेल्वे पहाटे विशेष लोकल सोडत आल्या आहेत; त्यांच्या वेळा आधीच्या आठवड्यात जाहीर होतात. पुणे, नाशिक, कोल्हापूर किंवा गोव्याहून येणाऱ्यांनी दादर-माहीमच्या आसपासच्या नातेवाइकांकडे मुक्काम करावा हे उत्तम, पण त्यांना अलार्म साडेतीनचा असेल हे आधी सांगावे, आणि रात्री गप्पांची मैफल रंगू देऊ नये.

घरच्यांनी मला कोणत्या परिस्थितीत थांबवावे?

छातीत दुखणे किंवा दडपण येणे, असंबद्ध बोलणे, झोकांड्या जाणे, ऊन असतानाही अंगावर काटा येऊन थंडी वाजणे, यांपैकी काहीही दिसले तर धावणाऱ्याचे न ऐकता त्याला थांबवून जवळच्या वैद्यकीय पथकाकडे न्यावे. त्या अवस्थेत तो "मी ठीक आहे" असेच म्हणणार, आणि त्या म्हणण्याला अर्थ नसतो. पोटरीत गोळा येणे हा वेगळा प्रकार आहे. थांबून ताण दिल्यावर तो बहुधा सुटतो. शर्यतीपूर्वी किंवा शर्यतीत वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत, शरीरातले पाणी कमी झालेले असताना त्यांतील काहींचा मूत्रपिंडांवर ताण पडतो. चाळिशी ओलांडलेली असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असेल, तर सराव सुरू करण्यापूर्वीच डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. बिबच्या मागील बाजूस रक्तगट आणि तातडीच्या संपर्काचा क्रमांक लिहिण्याची जागा असते. तो क्रमांक घरी राहिलेल्या माणसाचा न देता रस्त्यावर आलेल्या माणसाचा द्यावा.

शर्यत मध्येच सोडावी लागली तर घरच्यांना काय सांगायचे?

ते आधीच सांगून ठेवायचे. ठरलेल्या वेळेनंतर तीस मिनिटांत मी दिसलो नाही, तर तिथे न थांबता सरळ शेवटच्या भेटीच्या ठिकाणी जा, मी कसाही तिथेच येईन, एवढे एक वाक्य ठरलेले असले की दोन्ही बाजूंची घालमेल वाचते. आमच्या गटातील एकाने गुडघ्यामुळे हाजी अलीला शर्यत सोडली आणि महालक्ष्मीहून लोकलने चर्चगेट गाठले. तो घरच्यांच्याही आधी तिथे पोहोचून चहा पीत बसला होता.

शर्यत संपल्यावर भेटायचे कुठे?

शेवटच्या रेषेजवळ भेटायचे ठरवू नये. तिथला भाग धावपटूंसाठी राखीव असतो. पदक, खाण्याचा डबा आणि सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा-पाऊण तास सहज जातो, आणि बाहेरच्या प्रत्येक फाटकावर माणसांचे लोंढे असतात. चर्चगेट स्थानकातील तिकीट खिडक्या ही जागा मला सर्वांत सोयीची वाटते. छप्पर आहे, चहा आहे, स्वच्छतागृह आहे, आणि मरीन ड्राइव्हवरची भेट उरकून घरचे तिथे आरामात चालत येऊ शकतात. रेषा ओलांडल्यावर लगेच खाली बसू नये, थोडे चालत राहावे. त्या चालण्यातच चर्चगेट येते.

परतीच्या प्रवासात काय लक्षात ठेवावे?

रविवार असल्याने रेल्वेच्या ब्लॉकची, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवण्याच्या वेळेची, घोषणा आदल्या दिवशीच पाहून ठेवावी, आणि शक्यतो तो सुरू होण्याआधीची गाडी धरावी. टर्मिनस किंवा चर्चगेटहून गाडी सुटत असल्यामुळे बसायला जागा मिळते, ही या शर्यतीची न छापलेली सुविधा आहे. तासाभराने उठताना मात्र मांड्या आखडलेल्या असतात. आपले स्थानक येण्याच्या एक स्थानक आधी उभे राहून पाय हलवावेत, आणि पुलाचा जिना चढताना नव्हे तर उतरताना कठड्याला धरून, सावकाश, आडवे पाऊल टाकत उतरावे. पिशवी तेव्हा दुसऱ्या कोणाच्या तरी हातात असावी.